बावीस

रात्री पावणेतीनला सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत
राजेश्वरी येमूलला दोघांनी रिक्षातून उचलून आणलं.
विडी घरकुलापासून इथवर
तिचा श्वास मागासारखा चाललेला:
धोटा जातोय, येतोय, जातोय,
आणि कापड कुठेच नाही.

"हवा पुरंना हिला, जीव जाऊलालाय,"
नवरा म्हणाला, मग सासू, मग रिक्षावालाही.
संध्याकाळी कारखान्यात तिच्या हजारातल्या
पावणेतीनशे विड्या छाटीत गेल्या होत्या.
एवढंच.

मी तिचे हात पाहिले.
बोटं जुळलेली, अंगठा तळव्यात शिरलेला,
कासारणीपुढे धरतात तसे,
बांगड्या भरताना.
फक्त कासारीण नव्हती,
आणि हात सैल सोड म्हणणारंही कुणी.

मनगटातून रक्त घेतलं.
मशीनने पट्टी बाहेर काढली:
ऑक्सिजन एकशे बारा.
कार्बन डायऑक्साइड बावीस.
चाळीसच्या आसपास हवा होता.

"ऑक्सिजन कमी पडलाय ना?"
नाही हो. भरून वाहतोय.
कमी पडलीय ती उष्टी हवा,
जी आपण टाकाऊ समजतो.
तीही अंगात थोडी उरावी लागते.
सगळी फुंकून टाकली
की रक्ताचा आंबटपणा जातो,
मेंदूकडच्या वाटा आखडतात,
लाल पेशी ऑक्सिजन सोडता सोडत नाहीत.
गोदाम भरलेलं
आणि रेशनचं दुकान बंद.

हे मी नवऱ्याला सांगत होतो
आणि ऐकत होतास तू, रेवणसिद्ध.

देगावच्या विहिरीच्या काठावर, उन्हाळ्यात,
दहावीचा निकाल लागायचा होता.
पैज सायकलच्या डायनॅमोची:
तळाशी बसून शंभर मोजायचे.
"छाती भरून घेतो बे आधी," म्हणालास.
भरलीस कुठे? रिकामी करत होतास.
भराभरा, खोल खोल,
मीच मोजले श्वास, वीस की बावीस.
ऑक्सिजन तेवढ्याने फारसा साठत नाही.
घंटा वाजवणाऱ्यालाच तू
घराबाहेर काढलंस.

कारण आत जो ओरडतो, श्वास घे, श्वास घे,
तो बहुधा ऑक्सिजनसाठी ओरडतच नाही.
उष्टी हवा साचली की ओरडतो.
ऑक्सिजनचा पहारेकरी निराळा, मानेत बसणारा,
दिवा अगदी मंद झाल्यावर उठणारा,
आणि त्या दुसऱ्याची हाक नसेल
तर उठूनही डुलक्या घेणारा.

तुला गुदमरलं नसणार.
हे तुझ्या आईला सांगावं की नाही
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
पाणी हललं नाही.
मी ऐंशी मोजले, नव्वद मोजले,
वाटलं, जिंकलास.

एकच आकडा.
ती जिवंत असून मरणाच्या भीतीने थरथरत होती,
तू मरत होतास
आणि तुला भीती शिवलीसुद्धा नाही.

डॉक्टर शाहीन बागवान स्टूल ओढून तिच्या उशाशी बसल्या.
सासूने पदराखालून कागदी पिशवी काढली,
त्या म्हणाल्या, नको, ते आता करत नाहीत.
मग तिला म्हणाल्या, "घेऊ नका. नुसता सोडा.
हळू. पान फाटू नये म्हणून वळता ना, तसा."

सलाईनच्या स्टँडची सावली भिंतीवर तेवढी सरकली,
आणि बोटं उलगडू लागली, आधी करंगळी.
मग ती श्वास घ्यायचाच विसरली.
असं होतं. आत अजून मागणी आलेली नसते.
स्क्रीनवर सत्त्याण्णव. कुणी घाबरलं नाही.
मी मात्र मोजायला लागलो.

एक. दोन.
बाहेर रिक्षावाला भाड्यासाठी थांबलेला.
सहा. सात.
अकराला तिचं पोट आपसूक वर आलं.

डोळे न उघडताच ती म्हणाली,
"उद्या छाट माझ्यासमोर मोजायला लावते."
मी पट्टी फाईलला लावली.
बावीसखाली नकळत
पेनाने रेघ ओढलेली होती.